जाड्याची चेन

कपडे बोलत असत त्या काळी समुद्रात बुड्या मारणाऱ्या हेमांगीकडे पाण्यात घालायचे दोन रबरी सूट होते, एक जाड आणि एक पातळ. त्यातल्या जाड्याचा तिच्यावर फार जीव. तिला गारठा लागू नये म्हणून तो तिला घट्ट कवटाळायचा, आणि ती मालवणच्या कोमट पाण्यातून लालबुंद होऊन, धापा टाकत वर यायची.

"मी एवढं जपतो, तरी असं का?" जाड्याने विचारलं.

"अरे दादा, इथे ऊब समुद्रच देतो," पातळ सूट म्हणाला. "आपण फक्त खडकांचे ओरखडे अडवायचे."

सकाळी हेमांगीने सवयीने जाड्यालाच अंगात चढवलं. पण त्याने काही केल्या चेन लागू दिली नाही.

"आज रुसलास का रे?" म्हणत तिने पातळ सूट घातला.

दोरीवर लटकून जाड्या वाट बघत राहिला. ती परतली ती गुणगुणतच.