सायाळमावशीचं बीळ

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या रानात अंगभर काटे असलेली एक म्हातारी सायाळ राहायची. आईबाप नसलेली पिल्लं तिच्या बिळात वाढायची. तिथं कुणी कुणाला भ्यायचं नाही, याचं साऱ्या रानाला अप्रूप होतं.

एकदा कोल्ह्याचं पिल्लू आलं. ते सगळ्यांच्या वाटची बोरं पळवून पाल्याखाली लपवू लागलं. सशाचं पिल्लू वैतागलं. "मावशी, एकदा काटे उभे करून दाखव. सुतासारखं सरळ होईल."

"काटे बिळाबाहेर," मावशी म्हणाली. "इथं आत उभे केले, तर तुम्हा सगळ्यांनाच टोचतील."

मग रोज संध्याकाळी ती कोल्ह्याच्या पिल्लापुढं ओंजळभर बोरं वेगळी ठेवायची. "ही तुझी सकाळची. कुणी हात लावणार नाही." बाकीची कुरकुरली, पण हात खरंच कुणी लावला नाही. हळूहळू पळवापळवी थांबली.

थंडीत मुंगसाचं एक पिल्लू दाराशी येऊन कुडकुडत उभं राहिलं. मावशी उठायच्या आत कोल्ह्याच्या पिल्लानं पाला उकरला आणि लपवलेली सगळी बोरं त्याच्यापुढं ठेवली.

"ही तुझी सकाळची," ते म्हणालं. "इथं कुणी हात लावत नाही."