महागाईचा जिना

इंग्लंडमधल्या एका डोंगराळ गावात तिथले मराठी मंडळ दर गुरुवारी एकाकी वृद्धांना गरम जेवण वाढीत असे. नगरपालिकेने अनुदान वाढवले नाही, तर ती पंगत कायमची उठणार होती. म्हणून मंडळाच्या इंदुमतीबाई खांबेटे अर्थसमितीचे अध्यक्ष पर्सिव्हलसाहेब यांना गाठण्यासाठी नगरपालिकेच्या भव्य जिन्यापाशी उभ्या राहिल्या.

साहेब आले, पण थांबले नाहीत. दोन-दोन पायऱ्या ओलांडत म्हणाले, "बाई, वर्तमानपत्र वाचत जा! महागाई निम्म्यावर आली आहे. आता वाढ कशाला हवी?"

अर्ध्या जिन्यात साहेबांना धाप लागली आणि ते एकेक पायरी चढू लागले.

बाईंनी खालून विचारले, "साहेब, आपला वेग निम्म्यावर आला. मग आपण खाली आलात का?"

"खाली कसा येईन? वरच चढतो आहे ना!"

"आमच्या डाळ-तांदळाचे भावही वरच चढत आहेत, साहेब. फक्त जरा दमाने."

जिन्यातले कारकून खो-खो हसले. साहेब गोरेमोरे झाले. मग कठड्याला धरून ते मुकाट्याने बाईंपाशी उतरले आणि त्यांनी अनुदानवाढ कबूल केली.

"आता मात्र आपण खरेच खाली आलात," बाई म्हणाल्या.