सर्जाची वेसण

निंबोणीच्या सरपंचांना, दौलतरावांना, दोन गोष्टींचा भारी अभिमान: आपल्या मिशांचा आणि आपल्या सर्जा बैलाचा. ग्रामसभेत ते म्हणाले, "दर सोमवारी सरकारी योजनेतून बीपी-शुगर तपासतात, त्या खोलीला आता कुलूप लावू. दोन वर्षांत गावात ना कुणाला लकवा झाला, ना कुणाचा पाय कापावा लागला. रोगच नाही तर तपासणी कशाला? तिथं माझं कार्यालय होईल."

माना डोलल्या. सोनाक्काची मान मात्र हलली नाही. तिच्या नवऱ्याचा पाय शुगरनंच गेला होता. तेव्हा गावात ही खोली नव्हती. आता तिलाही शुगर होती, आणि तालुक्याला तिला नेणार कोण? घसा खाकरून ती उठली.

"सरपंच, तुमचा सर्जा लई गुणाचा. कधी कुणाला शिंग लावलं नाही."

दौलतरावांचा हात मिशीवर गेला. "आहेच मुळी."

"मग त्याची वेसण काढून टाका की. उगाच मुक्या जनावराच्या नाकाला काच."

"अक्का, डोकं ठिकाणावर आहे का? वेसण आहे म्हणून तर तो शांत आहे. काढली तर अर्धं गाव झाडावर चढेल."

"मग त्या खोलीचं तरी वेगळं काय आहे?" असं म्हणून सोनाक्का खाली बसली.

आधी कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी सभा. सरपंचांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

तेव्हापासून सोमवार उजाडला की निंबोणीच्या बायका एकमेकींना हाक मारतात, "चल गं, वेसण बघून येऊ."