भूपाचा सूर आणि जोडाक्का

एकदा काय झालं, संगणकाच्या पोटात युनिक्स नावाचं एक राज्य होतं. तिथे एक राजा होता, त्याची छोटी राजकन्या होती मैना, आणि कामं करणारे पुष्कळ प्रोग्राम होते. त्यातला भूपा नावाचा प्रोग्राम रोज मैनेला अंगाई म्हणायचा. ती ऐकल्याशिवाय मैना डोळा मिटायची नाही. हट्टी होती, आपल्या चिंगीसारखी. हसू नकोस गं.

बरं का, भूपाकडे स्वतःचा सूर नव्हता. आपल्याकडे लग्नाची मोठी पातेली कुणी घरी ठेवतं का? ती गावकीची असतात, लागली की आणायची. तिथेही तसंच. सगळ्यांचा मिळून एक सूर, कोठीत ठेवलेला. भूपा उठायच्या आधी म्हातारी जोडाक्का जाऊन तो आणायची.

तिची शोधायची रीत ठरलेली. आधी भूपाच्या उपरण्याची गाठ बघायची, तिच्यात पत्ता बांधलाय का. मग राजाने आजच्यापुरती कुठली जागा सांगितलीय का. मग स्वतःची आठवण. तिथेही नाही मिळालं, तर जुन्या कोठ्या.

एकदा मैनेला ताप आला. वैद्य म्हणाले, झोप लागली तरच उतरेल. मग भूपाला बोलावलं. जोडाक्का निघाली. गाठीत काही नाही. राजाने काही सांगितलेलं नाही. आठवणीतली कोठी उघडली, तर रिकामी. जुन्या कोठ्यांतही सूर नाही. आणि तिथला नियम असा, की एक जरी वस्तू मिळाली नाही तर प्रोग्राम उठतच नाही. भूपा तसाच पडून राहिला. मैना रडून रडून दमली.

राजा घाबरला आणि चिडला. म्हणाला, भूपाला काढून टाका.

जोडाक्का म्हणाली, "महाराज, भूपात काही खोट नाही. सूरही आहे. कुणीतरी त्याची जागा बदललीय, आणि मला सांगितलेलं नाही."

मग भांडारी सायप्पा मान खाली घालून पुढे आला. कोठी गळत होती, म्हणून त्याने सूर नव्या कोरड्या कोठीत हलवला होता. केलं ते चांगलंच केलं हो, पण सांगायचं राहून गेलं. जोडाक्का रागावली नाही. ती त्याच्याबरोबर नव्या-जुन्या सगळ्या कोठ्या फिरली, कुठे काय आहे ते पुन्हा मनात बसवलं आणि सूर घेऊन आली. भूपा उठला, गायला. मैना झोपली. पहाटे ताप उतरला.

राजाचे डोळे भरून आले. "आक्का, तू रोज एवढी फिरतेस, हे मला ठाऊकच नव्हतं," तो म्हणाला. तेव्हापासून काहीही हलवलं की आधी आक्काला सांगायचं, असं ठरलं. भूपा गाण्याआधी तिच्या पाया पडायला लागला. आणि मैना आपल्या वाटीतलं अर्धं दूध तिच्यासाठी ठेवायला लागली. सगळे सुखात राहिले.

झोपा आता. आणि चिंगे, ही गोधडी माळ्यावरून शोधून कुणी आणली? सरूकाकूने. सकाळी उठलीस की आधी तिच्याकडे जा.