एकविसावी घागर

ऐन दिवाळीत करंजपूरच्या राजवाड्यासमोरची दीपमाळ अर्धीच पेटली! कोठीतलं तेल संपलं होतं. राजा दुर्जयराव मुळातच हट्टी, त्यात राग नाकावर. तडक तेल्यांच्या आळीत गेला. बघतो तर काय, घाणे बंद आणि बैल सावलीत बसून निवांत रवंथ करताहेत.

"घाणा का थांबला?" राजा राणू तेल्यावर गरजला.

राणू हात जोडत मागे सरकला. त्याची लेक येसू मात्र बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वीस घागरी भरल्या, महाराज. एकविसावी आम्हाला परवडत नाही!"

"जास्त तेल परवडत नाही? ऐकलंत का पंत!"

राजासोबत आलेले, करवसुली बघणारे अंबादासपंत खो खो हसले.

आता राजाचा हुकूम साऱ्या गावाला पाठ होता. तेल्याच्या वर्षाच्या कमाईतल्या पहिल्या दहा घागरी माफ. दहाच्या पुढच्या घागरींतली पाचातली एक राजाला. विसाच्या पुढच्या घागरींतल्या निम्म्या राजाला. ज्याचं थोडं त्याला सोडावं, ज्याचं भरपूर त्याच्याकडून जास्त घ्यावं. वाईट काय होतं त्यात? पण वसुली पंतांच्या हाती, आणि पंतांना मोजायचा भारी कंटाळा!

"महाराज, वीस काढल्या तर पंत चार नेतात, सोळा उरतात," येसू म्हणाली. "तीस काढल्या तर पंधरा नेतात, उरतात पंधराच! मग माझ्या भुऱ्यानं उगाच गरगर का फिरावं?"

"सरळ हिशेब आहे," पंत म्हणाले. "दहाच्या पुढे गेला त्याच्या सगळ्यातला पाचवा हिस्सा, विसाच्या पुढे गेला तो निम्म्यात गेला!"

"माझा हुकूम चुकीचा म्हणतेस?" राजा लाल झाला. "मग ऐक! त्यातलं एक अक्षर न बदलता तुझ्याही घरचं तेल वाढलं पाहिजे आणि माझ्याही कोठीतलं. उद्या दुपारपर्यंत उपाय सांग, नाही तर हा बैल सरकारजमा!"

राणूनं कपाळावर हात मारून घेतला. बैल गेला तर घाणा कोण ओढणार, आणि खायचं काय? भुऱ्याला तर येसूनं वासरू असल्यापासून वाढवलेलं. पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही ती!

"सांगते, महाराज. फक्त उद्याचं जेवण मला वाढू द्या. पुरणपोळीचं!"

पुरणपोळी म्हणजे राजाचा जीव की प्राण. तो लगेच कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी राजा पाटावर बसला, पंत शेजारी उभे. पानातली पहिली पोळी त्यानं रोजच्या रिवाजानं गाईसाठी बाजूला काढली आणि हात चोळले.

"माझा वाढायचा नियम ऐका, महाराज," येसू म्हणाली. "पहिल्या दोन पोळ्यांना एकेक वाटी तूप. दोनाच्या पुढच्या पोळीला अर्धी वाटी."

"चालेल! वाढ."

येसूनं दोन पोळ्या वाढल्या, दोन काठोकाठ वाट्या ठेवल्या. पण एवढ्यानं राजाचं काय होणार? "तिसरीही आत्ताच टाक!" तो म्हणाला.

तिनं तिसरी पोळी वाढली, अर्धी वाटी तूप ठेवलं आणि पहिल्या दोन्ही वाट्या उचलून त्यांतलं निम्मं निम्मं तूप तपेल्यात परत ओतलं.

"अगं अगं! हे काय चालवलंस?"

"तुम्ही तिसऱ्या पोळीत गेलात, महाराज. म्हणजे सगळ्याच पोळ्या अर्ध्या वाटीत गेल्या. सरळ हिशेब आहे!"

"डोकं फिरलंय का तुझं? दोन पोळ्यांना दोन वाट्या आणि तीन पोळ्यांना दीड? मग उचल ती तिसरी! मला नाही परवडत!"

"बघा!" येसूनं टाळी वाजवली. "हीच माझी एकविसावी घागर!"

राजाचा हात पानावरच थांबला. त्यानं वाट्यांकडे पाहिलं, मग पंतांकडे. पंत छताकडे बघू लागले.

"पंत! निम्म्या घ्या म्हटलं होतं ते विसाच्या पुढच्या घागरींतल्या! आधीच्या विसातल्याही निम्म्या घ्यायला कुणी सांगितलं?"

"महाराज, ते... मोजायला सोपं..."

"पोरी, तुझ्या तीस घागरींचं नीट किती होतं, सांग."

"तीस नाही, अठ्ठावीस. दोन घागरी देऊन भुऱ्याचा कडबा घ्यावा लागतो. ती आमची कमाई कशी?"

"वा! घाण्यातून तीस निघाल्या म्हणजे तीसच!" पंतांना जरा धीर आला.

येसूनं बाजूला काढलेल्या पोळीकडे बोट दाखवलं. "मग महाराजांच्या वाट्याला आज चार पोळ्या आल्या म्हणायचं का, पंत?"

"गाईची पोळी माझ्या पोटात घालता?" राजा ओरडला. "अठ्ठावीस! पुढे बोल!"

"पहिल्या दहा माफ. पुढच्या दहांतल्या दोन तुमच्या. त्यापुढच्या आठांतल्या चार तुमच्या. म्हणजे एका घरातून चारच्या जागी सहा! कडबा वजा जाऊन आमच्याकडे आज चौदा राहतात, मग बावीस राहतील. हुकमातलं अक्षर बदललंय का कुठं?"

राजा आधी गालात हसला, मग एवढा खदखदून हसला की त्याला ठसका लागला. "पंत, आजपासून माप तुम्ही धरायचं आणि मोजणार येसू! भुऱ्या तुझाच, पोरी. शिवाय बक्षीस म्हणून त्याचा कडबा यापुढे सरकारातून!"

"घेते, महाराज!" येसूनं हसत हात जोडले. "पण कडबा फुकट मिळाला की त्या दोन घागरी कमाईत येतील, आणि त्यांतली एक तुमचीच होईल. म्हणजे बक्षीस अर्धंच झालं!"

"हिच्यापुढे कुणी टिकेल का!" डोळे पुसत राजानं चांदीच्या दोन्ही वाट्या पुन्हा काठोकाठ भरून घेतल्या आणि तुपासकट येसूच्या हातात दिल्या. "घे, या तुझ्या. यातलं कुणी थेंबभरही परत ओतणार नाही!"