छाटणीच्या दिवशी

झाडाझुडपांना अजून वाचा होती, त्या काळची गोष्ट. योसेफमामांच्या मळ्यात एक तरुण द्राक्षवेल होती. त्या साली ती पहिल्यांदाच घडांनी लगडली. शेवटचा घड उतरला, तेव्हा तिला वाटलं, आता मामा मायेनं अंगावरून हात फिरवतील.

मामा आले ते कात्री घेऊन. चैत्राच्या उन्हात त्यांनी तिच्या साऱ्या हिरव्या काड्या सपासप उडवल्या. मागं राहिले नुसते खुंट. कापलेल्या जागांतून पाणी ठिबकू लागलं.

"काहीतरी पाप केलं असशील," बांधावरची बाभूळ म्हणाली. "उगाच कोण कात्री लावतं?"

"अगं, पण मी तर भरभरून घड दिले!"

"मग आंबट निघाले असतील," कावळ्यानं वरून पुस्ती जोडली.

वेलीला तेही खरं वाटू लागलं. एकेक घड आठवून ती स्वतःचीच खोट शोधत बसली. शेवटी तिनं शेजारच्या म्हाताऱ्या वेलीला हाक मारली, "आत्या, तुला तरी ठाऊक असेल. माझं काय चुकलं?"

वळून पाहते तर काय, आत्याही उघडीबोडकी! तिच्याही खुंटांतून पाणी गळत होतं.

"अठरा वर्षं छाटतायत मला," आत्या म्हणाली. "का, ते नाही बाई ठाऊक. विचारून विचारून मी निम्मी वाळले होते. मग एका साली विचारायचं सोडलं, तेव्हा कुठं झोप लागली. तू आधी पायाशी बघ."

वेलीनं पाहिलं. मुळांशी गार ओल होती. कात्री उचलण्याआधीच मामांनी पाटाचं पाणी सोडलं होतं.