किनाऱ्यावरची गर्दी

"पण अबुसा, या माणसांना मी कधी पाहिलेलंच नाही. मग त्यांचे चेहरे माझ्या हातात आले कुठून?"

सायलस पाटोळेच्या ब्रशमधून रंग ठिबकत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

अबुसा चिसाले तळ्याकडे बघत उभे होते. मलावीतल्या त्या गावात पाळकाला अबुसा म्हणतात.

"ते पाण्यातून आले," अबुसा म्हणाले. "तू विमानातून आलास."

सायलस नगरचा चित्रकार. त्याच्या चर्चनं थोड्या दिवसांच्या सेवेसाठी एक गट मलावीला पाठवला होता. कुणी गाणी बसवणार होतं, कुणी नाटुकलं. सायलसकडे गावातल्या चर्चची भिंत रंगवायचं काम होतं. नावेत बसून उपदेश करणारा येशू, आणि किनाऱ्यावर ऐकायला जमलेली गर्दी.

"आमची माणसं काढ," अबुसा त्याला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "ती तुझ्यासमोर बसतील."

सायलस हसला होता.

"मला समोर कुणी लागत नाही, अबुसा. चेहरे माझ्या डोक्यात असतात."

अबुसांनी फक्त मान हलवली होती.

मग भिंतीवरची गर्दी भरत गेली. गावातल्या बायका भिंतीपुढे येऊन बसू लागल्या. कुणी कौतुक करेना. कुणी बोलेचना. एका म्हातारीनं भिंतीवरच्या एका पोरापुढे वाळलेल्या मासळीची थाळी आणून ठेवली. सायलसला आधी गंमत वाटली, मग राग आला.

आज तीच म्हातारी उठली आणि तिनं त्या पोराच्या कानावरून बोट फिरवलं. तिथे ब्रश घसरून एक आडवा ओरखडा राहून गेला होता.

ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेय ती?" सायलसनं विचारलं होतं.

"कानात गळ घुसला तेव्हा माझं लेकरू फार रडलं होतं, म्हणतेय. तुला कुणी सांगितलं, असं विचारतेय."

मग अबुसांनी सांगितलं. पलीकडच्या काठाला लग्न होतं. भरलेली नाव निघाली. मध्येच वारा उठला. एकही माणूस परत आला नाही, नावेची फळीही आली नाही... भिंतीवरची सगळी त्या नावेतली माणसं.

सायलसला आधी भीती वाटली. मग भीती ओसरली आणि त्याचा चेहरा उजळला.

"देवानं माझा हात निवडला, अबुसा. नगरला गेल्यावर मी चर्चमध्ये ही साक्ष देईन."

"दे. त्याआधी एक काम कर."

अबुसांनी बोट दाखवलं. बायकांपासून दूर एक तरुणी बसली होती.

"ती तियामिके. तिचा नवरा कोंडवानी ती नाव वल्हवत होता. ती रोज भिंतीवर त्याला शोधते. तो नाही. इतके काढलेस, हा एक काढ."

सायलसनं तियामिकेला सगळं विचारलं. कपाळ, नाक, दातांमधली फट. ती सांगायची, अबुसा त्याला समजावून सांगायचे. त्यानं जीव ओतून चेहरा काढला. भिंतीवरचा सगळ्यांत देखणा.

तियामिके जवळ आली. पाहिलं. नाही म्हणून मान हलवली.

त्यानं तो पुसला, पुन्हा काढला. पुन्हा नाही.

पुन्हा काढला...

दर वेळी चेहरा चांगलाच उमटायचा, आणि दर वेळी तो कुणाचाच नसायचा.

तळ्यावर चिलटांचा ढग उठला. धुराच्या खांबासारखा. वारा नव्हता, तरी तो किनाऱ्याकडे सरकत होता. बायकांनी पदरासारखी फडकी तोंडावर घेतली आणि त्या तशाच बसून राहिल्या.

"रविवारी भिंतीचं समर्पण आहे," सायलस चिडून म्हणाला. "त्यानंतर आम्ही निघणार. भिंत अर्धवट कशी ठेवू? हाच चेहरा राहू दे. कोण विचारतंय?"

अबुसांनी त्याच्या खांद्यावरचं कोरडं फडकं घेतलं. ओला चेहरा पार गिलाव्यापर्यंत पुसून काढला.

"हात ठेव इथे."

भिंत दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती. सायलसनं पुसलेल्या जागी तळवा टेकला, आणि झटकन मागे घेतला.

तळवा गार पडला होता. त्यावरून पाणी ओघळत होतं. बोटांच्या बेचक्यात बारीक वाळू होती.

त्यानं हात नाकाजवळ नेला. तळ्याचा वास...

तियामिके भिंतीकडे पाठ करून पाण्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत सायलसनं तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"अबुसा..." त्यानंही पाण्याकडे पाहिलं. "तो जिवंत आहे?"

अबुसांनी फडक्याची घडी करून त्याच्या खांद्यावर ठेवली.

"तोही पाण्यातून येतोय, अजून वाटेत आहे. त्याची जागा अडवू नकोस."